कंबरदुखी : केव्हा थांबावे, केव्हा धावावे

(श्रीनामदेवरायांच्या पुण्यतिथी-उत्सवात ज्ञातिबांधवांपुढे दिलेले व्याख्यान)



आषाढ वद्य त्रयोदशीला श्रीनामदेवरायांच्या पुण्यतिथीनिमित्त आपण एकत्र जमतो, तेव्हा या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील काटकसर, विद्यार्थ्यांसाठी निधी अशा विषयांवर भाषणे व्हावीत, अशी आपली जुनी प्रथा आहे. कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि मी विषय कळविला 'कंबरदुखी'. तो वाचून काही सभासदांस हसू आले, असे माझ्या कानावर आले. त्यांचा मला राग नाही. परंतु या सभागृहात ज्याची कंबर एकदाही धरली नाही, असा चाळिशीपुढचा गृहस्थ शोधून काढणे कठीण जाईल. आपला पिढीजात व्यवसाय शिवणकामाचा. पाठीला टेका नसलेल्या स्टुलावर बसावे, मान खाली घालावी, पायांनी मशीन चालवावे, आणि लगीनसराई आली की रात्रीचे बारा वाजेपर्यंत उठू नये, अशा रीतीने आपल्या वाडवडिलांनी संसार केले. आज आपली मुले संगणकापुढे बसतात. यंत्र बदलले, परंतु बैठक तीच राहिली.

प्रारंभीच सांगतो की, मी डॉक्टर नव्हे. जन्मभर शाळेत मुलांना शिकविणारा मी एक साधा मास्तर आहे. जे सांगणार आहे ते जाणत्या डॉक्टरांस विचारून व वाचून मिळविलेले आहे; आणि त्यातील मुख्य भाग माझ्याच घरी घडलेल्या एका प्रसंगाने मला शिकविला आहे. तो प्रसंग पुढे यथावकाश सांगेन.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कंबरदुखीच्या बाबतीत आपले वर्तन नेमके उलटे असते. जेथे धीर धरावयाचा तेथे आपण धावतो, आणि जेथे क्षणाचाही विलंब लावू नये तेथे लाजेपोटी गप्प बसतो.

हे समजण्यासाठी शरीराच्या रचनेची अल्पशी ओळख हवी. पाठीचा कणा तेहतीस मणक्यांचा बनलेला असतो. त्यांपैकी कमरेचे मणके पाच, आणि धडाचा सारा भार त्यांच्यावर येतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. ती बाहेरून चिवट व आतून मऊ असते. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास संपतो आणि तेथून मज्जातंतूंचा एक झुबका खाली लोंबत जातो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून शारीरशास्त्रात त्याला 'कॉडा इक्विना', म्हणजे अश्वपुच्छ, असे लॅटिन नाव मिळाले. यांतील काही तंतू पायांस जातात. शेवटचे तंतू बसण्याच्या जागेचा स्पर्श, लघवी, शौच आणि जननेंद्रिये यांचा कारभार पाहतात. गादीचा भाग बाहेर येऊन पायाच्या तंतूवर दाब पडला की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. हे कारण १९३४ साली अमेरिकेतील मिक्स्टर व बार या दोन डॉक्टरांनी आपल्या निबंधात दाखवून दिले. तिलाच आपण सायटिका म्हणतो. आयुर्वेदात तिला गृध्रसी असे नाव आहे.

आता दुखण्याचे तीन वर्ग करू. पहिल्यात थांबून पाहावे, दुसऱ्यात त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा, आणि तिसऱ्यात त्याच दिवशी, त्याच घटकेस, इस्पितळाचा रस्ता धरावा.

पहिला वर्ग सर्वांत मोठा. वाकून बादली उचलली, एकदम वळलो, दिवसभर ओणवे बसलो, आणि कमरेत उसण भरली. वेदना एवढी की कूस बदलवत नाही. परंतु पायांत शक्ती आहे, स्पर्श कळतो, लघवी-शौचास त्रास नाही, ताप नाही. अशी कंबर बहुधा काही दिवसांत हलकी होऊ लागते आणि काही आठवड्यांत बरी होते. वेदना किती तीव्र आहे यावरून रोग किती गंभीर आहे हे ठरत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. साधी उसण माणसाला रडविते, आणि घातक दुखणे कधी कधी निमूटपणे येते.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसास बोलावून त्याचा पाय कमरेला लावून घेण्याची चाल आहे. कोणी बिब्बा घालतो, कोणी एरंडाच्या पानाने शेकतो. शेकाने बरे वाटते, त्यास कोणाची हरकत नाही. परंतु पायाळूच्या लाथेने उसण जाते हा समज कसा दृढ झाला, याचा विचार करा. जे दुखणे आपोआप चार-आठ दिवसांत जाणारच आहे, त्याचे श्रेय त्या सुमारास ज्याचा हात अथवा पाय लागला त्यास मिळते. साध्या उसणीत या प्रकाराने फारसे बिघडत नाही. तथापि कण्याचे हाड ठिसूळ झाले असेल किंवा तंतूवर मोठा दाब असेल, तर तीच लाथ जन्माचे नुकसान करू शकते.

पूर्वी अशा दुखण्यात पंधरा-पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. तो सल्ला आता मागे पडला आहे. १९८६ साली अमेरिकेतील २०३ रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासात दोन दिवस विश्रांतीचा सल्ला मिळालेले लोक सात दिवसांचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा लवकर कामावर गेले. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे असे दिसून आले की, झेपेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लोक अंथरूण धरणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. तेव्हा जड उचलू नये, पण चालत-फिरत राहावे. एकाच जागी अर्ध्या तासापेक्षा अधिक बसू नये.

या वर्गातील मंडळी पहिल्याच दिवशी एमआरआय काढून घेण्याचा आग्रह धरतात व हजारो रुपये खर्च करतात. अहवालात 'गादी झिजली आहे' असे वाक्य येते आणि घरात सुतकी वातावरण पसरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ३११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित विचार केला होता. त्यात विशीतील लोकांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील लोकांपैकी ९६ टक्के जणांच्या गाद्यांची झीज दिसून आली. डोक्यावरचे केस पिकतात तशी गादीही पिकते. म्हणून नुसत्या अहवालास भिऊ नये. तसेच औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने स्वतःच घेऊ नयेत. त्यांनी जठरास व मूत्रपिंडास इजा होते. आणि कोणी अनोळखी वैद्याने दिलेल्या, आत काय आहे हे न सांगितलेल्या पुड्या तर घेऊच नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्याने आज आराम वाटतो आणि उद्या हाडे पोकळ होतात.

दुसरा वर्ग अधिक सावध राहण्याचा. येथे घाबरण्याचे कारण नाही, पण दिरंगाईसही जागा नाही. सहा आठवडे होऊनही कंबर सुधारत नसेल, उलट दुखणे वाढत असेल, तर तपासणी करून घ्यावी. रात्री पडून राहिले तरी वेदना थांबत नसेल, वजन घटत असेल, पूर्वी कधी कर्करोग झालेला असेल, तर सहा आठवडेही थांबू नये. साठी उलटलेल्या स्त्रीची कंबर घागर उचलताना किंवा नुसत्या शिंकेने एकाएकी धरली, तर ती उसण समजू नये. ठिसूळ मणका दबून मोडल्याचा तो प्रकार असू शकतो. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांसही हेच लागू. चाळिशीच्या आतील तरुणाची कंबर पहाटे ताठरते, उठल्यावर अर्धा तास आखडून राहते, आणि विश्रांतीने न थांबता हालचालीने मोकळी होते, असे महिनोन्महिने चालले असेल, तर तो सांध्यांच्या दाहाचा एक स्वतंत्र रोग असू शकतो. त्यावर आज चांगले उपचार आहेत, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागतात.

या वर्गातील एका रोगाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण तो आपल्या देशात आहे आणि आपल्या घरांत आहे. तो म्हणजे मणक्याचा क्षय. क्षय केवळ फुफ्फुसाचा असतो, खोकला नाही म्हणजे क्षय नाही, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः क्षयाचे जंतू रक्तावाटे मणक्यात जाऊन बसतात आणि हाड पोखरतात. आमच्या नात्यातील एका सुनेस २०१९ साली बाळंतपणानंतर कंबरदुखी सुरू झाली. घरातील वडील स्त्रियांनी 'बाळंतवात आहे, डिंकाचे लाडू खा' म्हणून सांगितले. सायंकाळी अंग कोमट होई, भूक मेली होती, चोळ्या सैल होत होत्या. चोळ्या सैल होत आहेत हे आपल्या शिंपी घरातसुद्धा कोणाच्या लक्षात येऊ नये, याचे मला आजही नवल वाटते. पाच महिन्यांनी पाठीवर मध्यभागी हाड किंचित पुढे आलेले दिसले, तेव्हा तपासणी झाली. सुदैवाने पाय शाबूत होते. दीड वर्ष औषध न चुकता घेतले आणि ती मुलगी पूर्ण बरी झाली. ती आज या सभागृहात बसलेली आहे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि उपचार चालू असता पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होते. २०१८ साली ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. तेव्हा कंबरदुखी, सायंकाळचा बारीक ताप व घटणारे वजन, हे तीन पाहुणे एकत्र आले तर त्यांस घरात ठेवून घेऊ नका.

आता तिसरा वर्ग. येथे मी आपले पूर्ण लक्ष मागतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांस दादा म्हणत असू, उत्तम कारागीर होते. सायटिकेचा त्रास त्यांस कित्येक वर्षे होता; तो येई आणि जाई. २०११ सालच्या मे महिन्यात शाळांच्या गणवेशांची घाई चालली होती. एका शुक्रवारी सायंकाळी त्यांनी टेम्पोतून कापडाचा गठ्ठा एकट्याने उतरविला आणि कमरेत कडकन आवाज झाल्याचे वहिनींना सांगितले. त्या रात्री कळ एका पायात न राहता दोन्ही पायांत उतरली. शनिवारी पायाळू आला, त्याने पाय लावला. दुपारी वेदना काहीशी कमी झाली म्हणून आम्हांस समाधान वाटले. परंतु त्याच दिवसापासून त्यांस बसण्याच्या जागेवर, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूस, जणू दुसऱ्याचे कातडे लावले आहे असे वाटत होते. लघवीला जावे असे वाटे, पण ती सुटत नसे. ही गोष्ट त्यांनी वहिनींस सांगितली नाही, मला सांगितली नाही, मुलांस तर नाहीच. शनिवारी रात्री ते चार-पाच वेळा मोरीकडे गेलेले मी पाहिले. आम्ही एकाच घरात राहत होतो. मी विचारले नाही. वर्गात मुलांस 'शंका असेल तर विचारा' असे आयुष्यभर सांगणाऱ्या मास्तराने आपल्या भावास एक प्रश्न विचारला नाही.

सोमवारी पोट फुगले, लघवी थेंब थेंब नकळत गळू लागली आणि उजवे पाऊल उचलेना. तेव्हा शहरातील इस्पितळात नेले. मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. गादीचा मोठा तुकडा त्या अश्वपुच्छावर पडला होता. पाय बऱ्याच अंशी परत आला. लघवीवरचा ताबा परत आला नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला एकीकडे नेऊन सांगितले, "शनिवारी आणले असते तर खात्री दिली नसती, पण आशा पुष्कळ होती." त्यानंतर दादा सात वर्षे जगले, नळी लावून. आपल्या या उत्सवास ते कधीच आले नाहीत. कपड्यांस वास येईल अशी त्यांस भीती वाटे. २०१८ साली ते गेले. ही हकीकत सांगण्यापूर्वी मी वहिनींची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, अवश्य सांगा. ज्या लाजेने ते बोलले नाहीत, तीच लाज आणखी कोणाचे घर बुडवील."

म्हणून पुढील लक्षणे घरोघर पाठ करून ठेवावीत. कंबर किंवा पाय दुखत असता लघवी अडली, तिची धार मंदावली, मूत्राशय भरल्याची जाणीव होईनाशी झाली किंवा नकळत गळू लागली. शौचावरचा ताबा गेला. गुद, जननेंद्रिये व मांड्यांची आतील बाजू येथे बधिरता आली, म्हणजे स्वच्छता करताना स्वतःच्या हाताचा स्पर्श कळेना. स्त्री-पुरुष संबंधातील संवेदना एकाएकी नाहीशी झाली. सायटिकेची कळ दोन्ही पायांत उतरली. किंवा पायांची शक्ती जाऊ लागली. शक्ती जाते म्हणजे काय होते, तर उंबरठ्यास अंगठा ठेचकाळू लागतो, चप्पल पायातून निसटते व ते कळत नाही, टाचांवर चार पावले चालता येत नाही. यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. लघवी पूर्णपणे अडण्यापूर्वी दाब काढला गेला तर फळ चांगले मिळते. प्रत्येक तास मोलाचा असतो. आणि दादांच्या बाबतीत घडले तसे वेदना कमी झाली म्हणून फसू नये. तंतू बधिर झाला की दुखणेही थांबते.

याच वर्गात आणखी काही प्रसंग येतात. पडल्यावर अथवा अपघातानंतर सुरू झालेली कंबरदुखी. कंबरदुखीबरोबर थंडी वाजून आलेला ताप. कुशीतून जांघेकडे लाटांसारखी जाणारी कळ व तिच्यासह ताप किंवा लघवीत रक्त. आणि वयस्क माणसास, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यास, एकाएकी पोटात व पाठीत असह्य वेदना होऊन घाम व घेरी येणे. या सर्वांत त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर दूरध्वनी केला असता रुग्णवाहिका विनामूल्य येते. अश्वपुच्छाची शंका असल्यास जेथे एमआरआय व कण्याची शस्त्रक्रिया यांची सोय आहे तेथेच नेण्याविषयी विचारावे, म्हणजे दोन-तीन दवाखाने फिरण्यात रात्र जात नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगावे, हेही महत्त्वाचे आहे. आपण 'कंबर दुखते' एवढेच सांगून थांबतो. दुखणे केव्हा व कशाने सुरू झाले, कळ कोठपर्यंत जाते, रात्री वाढते की दिवसा, ताप-वजन कसे आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्यावे. लघवी, शौच व बधिरता यांविषयी डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. तोंडाने सांगण्याचा संकोच वाटत असेल तर तो कागदच त्यांच्यापुढे ठेवावा. स्त्रियांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. कारण अंगावर दुखणे काढणे हा आपल्याकडे त्यांचा सद्गुण मानला गेला आहे, आणि त्या सद्गुणाची किंमत त्यांनी फार मोजली आहे.

बंधुभगिनींनो, हसत हसत ऐकण्यास बसलेली आपली सभा आता शांत झाली आहे, हे मला दिसते. आपणांस भिवविणे हा माझा हेतू नाही. मी वर्णिलेले अश्वपुच्छाचे दुखणे फार विरळ आहे. या सभागृहातील बहुतेकांची कंबरदुखी पहिल्या वर्गातीलच असेल, आणि ती चालण्या-फिरण्याने, बैठक सुधारल्याने व थोड्या धीराने बरी होईल. परंतु शंभर वेळा धीर धरणे योग्य ठरले म्हणून एकशेएकाव्या वेळी तोच धीर योग्य ठरत नाही. तो फरक ओळखण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. स्पष्ट शब्दांत एक-दोन प्रश्न विचारावे लागतात.

शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली मंडळास. तिसऱ्या वर्गाची लक्षणे ठळक अक्षरांत लिहून मंडळाच्या फलकावर कायमची लावावीत, आणि रात्री-अपरात्री रुग्णाबरोबर जाण्यास तयार असलेल्या तरुणांची यादी शेजारी असावी. दुसरी विनंती प्रत्येक घरास. आज घरी गेल्यावर ज्याची कंबर दुखत असेल, मग तो बाप असो, सासू असो, थोरला भाऊ असो, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "लघवी नीट होते ना? बसण्याच्या जागी बधिर तर वाटत नाही?" प्रथम ते रागावतील, हा कसला प्रश्न म्हणतील. रागावू द्या. मी तो प्रश्न विचारला नाही, आणि आता विचारावयास दादा नाहीत.

 श्रीनामदेवराय आपणां सर्वांस निरोगी दीर्घायुष्य देवोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.